उथळ नदीत साइड इमेजिंग सोनारने मासे शोधणं : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मुलुंडला राहतो. सुट्टी मिळाली की पहाटेची आसनगाव लोकल पकडायची, हवेची होडी पाठीवर टाकायची आणि टिटवाळ्याला काळू नदीवर जायचं, कधी बदलापूर-वांगणीच्या बाजूला उल्हासवर, कधी वैतरणेकडे. साइड इमेजिंग सोनारचा, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून चित्र काढणाऱ्या यंत्राचा, सेट घेतल्यापासून गळवाल्या मित्रांचे आणि त्यांच्या मित्रांचे फोन सुरू आहेत आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. जे लिहिलंय ते आपल्याकडच्या उथळ नद्यांचं आहे, म्हणजे कमरेपासून ते दोन पुरुष पाणी. खोल समुद्राचा हिशोब वेगळा.

साइड इमेजिंग म्हणजे नक्की काय? साधा फिश फाइंडर आहे की माझ्याकडे.

साधा फिश फाइंडर होडीच्या खाली आवाज सोडतो, शंकूच्या आकारात. साइड इमेजिंग डावीकडे आणि उजवीकडे सोडतो, आणि तो झोत पुढे-मागे एकदम पातळ असतो पण वर-खाली चांगला रुंद, म्हणजे पापडासारखा उभा धरलेला. होडी पुढे सरकत जाते तशी नदीच्या तळाची एकेक पातळ कापटी तो वाचतो आणि स्क्रीनवर एकाखाली एक लावत जातो. सगळ्यात वरची ओळ आत्ताची, खाली गेलेल्या मागच्या. मधोमध तुमची होडी. म्हणजे तुम्हाला तळाचा वरून काढलेला फोटो मिळतो असं समजा, फक्त उजेडाऐवजी आवाजाने काढलेला.

ही कल्पना जुनी आहे, समुद्राच्या तळाचं सर्वेक्षण करणारे लोक १९६० च्या दशकापासून वापरतायत. हौशी मासेमाराच्या होडीवर ती आली २००५ मध्ये, हमिनबर्डच्या सेटमधून. नंतर लोरन्सने स्ट्रक्चरस्कॅन आणलं, गार्मिनचं साइडव्ह्यू आलं. नावं वेगळी पण काम एकच, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते कुठल्याही कंपनीच्या सेटला लागू आहे.

पण उथळ पाण्यात खाली बघणारा सोनार का पुरत नाही?

हिशोब करून बघा. समजा झोत २० अंशांचा आहे आणि पाणी दोन मीटर. तळावर त्या झोताचा गोल पडतो साधारण ७० सेंटीमीटरचा, म्हणजे आपली मोठी परात. दीड मीटर पाण्यात तर अर्ध्या मीटरच्या जरा वर. एवढ्या परातीत मासा यायला हवा, आणि तोही होडी डोक्यावर आलेली असताना तिथेच थांबायला हवा! उथळ पाण्यातला मासा असा थांबत नाही हो. होडीची सावली पडली, वल्हं खडकाला लागलं की तो बाजूला सरकतो, आणि तुमच्या स्क्रीनवर दिवसभर रिकामं पाणी. मी दोन सीझन असेच काढले आणि ह्या नदीत मासाच उरला नाही असं सगळ्यांना सांगत फिरलो. मासा होता, होडीपासून आठ-दहा मीटरवर होता. साइड इमेजिंग बरोबर तिथेच बघतो. उथळ नदीसाठी हे यंत्र घ्यायचं खरं कारण हे एवढं एकच आहे.

कमीत कमी किती पाण्यात चालतं?

गुडघ्याच्या जरा वर पाणी असेल तरी चित्र येतं, फक्त बाजूला लांबवर दिसत नाही कारण आवाज तळाला अगदी तिरका घासत जातो आणि वरच्या पाण्याच्या पृष्ठभागावरूनही उलटून येतो, मग कडेला नुसती खरखर. माझ्या अनुभवात खोलीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत चित्रावर भरवसा ठेवावा. एक मीटर पाण्यात दहा-पंधरा मीटर, दोन मीटरमध्ये वीस-तीस. त्याच्या पुढे जे दिसतं त्याच्यावर गळ टाकत बसू नका.

रेंज किती ठेवू? ऑटोवर ठेवलं तर चालेल?

रेंज म्हणजे बाजूला किती अंतरापर्यंत बघायचं ते. ऑटोवर ठेवू नका. नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक हीच. तो रेंज ४०-५० मीटर ठेवतो कारण वाटतं जास्त दिसेल, आणि नदीच तीस मीटर रुंद असते, अर्धी स्क्रीन काठापलीकडच्या काहीही नसलेल्या भागाला जाते आणि मासा टाचणीच्या टोकाएवढा होतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. रेंज ४० मीटर असेल तर आवाज जाऊन यायला ८० मीटर, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त अठरा-एकोणीस वेळाच तो तळ वाचू शकतो. रेंज १५ मीटर केली की तीच गोष्ट सेकंदाला पन्नास वेळा होऊ शकते. ताशी पाच किलोमीटरने होडी चालली असेल तर पहिल्यात दर साडेसात सेंटीमीटरला एक ओळ, दुसऱ्यात तीन सेंटीमीटरच्याही आत. आता एक वीत लांबीची चिलापी पहिल्या चित्रात दोन-तीन ओळींत संपते, दुसऱ्यात सात-आठ ओळी मिळतात. यंत्र प्रत्यक्षात ह्या कमाल वेगाने चालेलच असं नाही पण प्रमाण तेच राहतं. मी काळू नदीवर १५ ते १८ मीटर ठेवतो आणि खोल डोहात २५. बस.

४५५, ८०० की १२०० किलोहर्ट्झ?

कमी आकडा म्हणजे लांबचं पण जाडसर, मोठा आकडा म्हणजे जवळचं पण रेखीव. आपल्याला नदीत लांबचं नकोच आहे, तेव्हा सेटमध्ये असलेली सगळ्यात वरची फ्रिक्वेन्सी लावा. अपवाद दोन, पाणी खूप गढूळ असेल तेव्हा, आणि खाडीत, कारण खाऱ्या पाण्यात वरच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज लवकर विरतो. तिथे मी ४५५ वर येतो.

होडी किती स्पीडने आणि कुठल्या दिशेने न्यायची?

ताशी चार ते सहा किलोमीटर, जरा भराभर चालतो तेवढं. फार जोरात गेलात तर मासे चेपून बारीक ठिपके होतात, फार हळू गेलात तर लांबुडके होतात, आणि नांगर टाकून उभे राहिलात तर एकच जागा परत परत छापली जाते, समोरून एक मासा पोहत गेला तरी स्क्रीनवर शेवयांसारख्या रेघा.

सरळ जाणं स्पीडपेक्षाही महत्त्वाचं. होडी वळली की आतल्या बाजूचं चित्र ओढल्यासारखं लांबुडकं होतं आणि बाहेरच्या बाजूचं चेपून जातं, त्या भागावरून काहीही ठरवू नये. म्हणून मी प्रवाहाच्या उलट दिशेने जातो, होडीचं तोंड आपोआप सरळ राहतं आणि स्पीड ताब्यात राहतो. धारेबरोबर नुसतं वाहत खाली येताना शांतता असते हे खरं, पण हवेची होडी भोवऱ्यासारखी फिरते आणि चित्राची वाट लागते.

स्क्रीनवर मधोमध जो काळा पट्टा दिसतो तो काय?

ते होडी आणि तळ यांच्यामधलं पाणी. जेवढं पाणी खोल तेवढा पट्टा रुंद. उथळ नदीत तो बोटाएवढाच असतो. पट्टा अचानक रुंद झाला म्हणजे खाली डोह लागला, आणि एकाच बाजूला रुंद झाला म्हणजे त्या बाजूला उतार आहे. हे नीट बघायची सवय लावा, डोहाचा काठ इथेच पहिल्यांदा कळतो.

मासा दिसतो कसा? मला तर सगळीकडे पांढरे ठिपकेच दिसतात.

हा खरा प्रश्न, इथे जरा वेळ देतो.

मासा स्क्रीनवर भाताच्या शितासारखा दिसतो. पांढरं, चकचकीत, दोन्ही टोकांना निमुळतं शीत. चकाकी मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीची असते, कारण पाणी आणि हवा यांच्या सीमेवरून आवाज जोरात उलटतो. पण पांढरं शीत म्हणजे मासाच असं नाही, गोटाही तसाच दिसतो, नारळाची करवंटीही. मग ओळखायचं कसं? सावलीवरून. मला विचाराल तर साइड इमेजिंगमध्ये पांढरं बघायचंच नाही, काळं बघायचं.

कुठल्याही वस्तूमागे आवाज पोचत नाही तिथे काळी सावली पडते, जशी संध्याकाळच्या उन्हात पडते तशी, होडीपासून लांब जाणारी. गोटा तळाला टेकलेला असतो म्हणून त्याची सावली त्याला चिकटूनच सुरू होते. मासा पाण्यात अधांतरी असतो म्हणून शीत एका जागी आणि त्याची सावली थोडी पलीकडे, मध्ये फट. ती फट दिसली की मी लोकलमधून उतरल्यापासूनची सगळी दमणूक विसरतो!

फटीवरून मासा तळापासून किती वर आहे तेही काढता येतं. समजा ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा भाग, तळापासून दोन मीटर वर आहे. शीत आठ मीटरवर, सावली दहा मीटरवर. दोन्हीतला फरक दोन मीटर, त्याला सावलीच्या अंतराने म्हणजे दहाने भागा आणि खोलीने म्हणजे दोनाने गुणा. आलं ०.४ मीटर, म्हणजे मासा तळापासून साधारण हातभर वर आहे. दोन मीटर पाण्यात हातभर वर म्हणजे तळाजवळ चरणारा मासा, तिथे पृष्ठभागावरची लूर, म्हणजे खोटं आमिष, घेऊन जाऊ नका, तळाचं आमिष लावा.

एक प्रसंग सांगतो. काळू नदीच्या एका वळणावर उजव्या बाजूला अकरा मीटरवर मला एक लांब तिरकी पांढरी रेघ दिसली, त्याला हाताच्या बोटांसारखे फाटे आणि मागे त्याच आकाराची काळी सावली, आणि फाट्यांच्या वरच्या अंगाला पाच शितं, पाचही एकाच दिशेला तोंड करून, प्रत्येकाची सावली सुटी. काठावर एक म्हातारे मामा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, वाळत घालत होते. मी त्यांना ओरडून विचारलं, मामा, इथे झाड पडलंय का पाण्यात? ते म्हणाले, "जांभळीचं हाय, दोन पावसाळे झालं. तुला कोनी सांगितलं?" मी होडी काठाला लावून त्यांना स्क्रीन दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितलं, बोट ठेवलं त्या शितांवर आणि म्हणाले, "धारेकडं तोंड करून उभं हायेत. रोहू आसंल." मी तीस मीटर खालून येऊन कणकेची गोळी फाट्यांच्या वरच्या बाजूला सोडली आणि चाळीसेक मिनिटांनी रोहूच लागला. यंत्राने मला झाड आणि शितं दाखवली. कुठला मासा ते मामांनी सांगितलं.

म्हणजे मासा कुठल्या जातीचा ते यंत्र सांगत नाही?

नाही. लांबीचा अंदाज येतो, थवा आहे की एकटा आहे ते कळतं, तळाला आहे की मध्ये आहे ते कळतं. बाकी सगळं तुमच्या माहितीवर. धारेच्या काठाला रांगेने उभे म्हणजे बहुतेक रोहू किंवा मृगळ, डोहाच्या तळाला एकटा आडवा ओंडक्यासारखा आणि सावलीला फट नाही म्हणजे शिंगाळा असू शकतो, उथळ वाळूवर बारीक शितांची पखरण म्हणजे चिलापी. शितावरून भाताची परीक्षा करतात तसंच हे, पण भात कुठल्या तांदळाचा ते माहीत असायला हवं.

मरळ दिसते का साइड इमेजिंगवर?

मोकळ्या पाण्यात असेल तर दिसते, पण ती मोकळ्या पाण्यात असते कुठे! ती गवतात, वेलीत, काठाच्या चिखलात. पाणवनस्पतींच्या देठांत हवा असते, त्यामुळे सगळं गवतच पांढरंफेक दिसतं आणि मरळ त्यात हरवते. मरळीला डोळेच बरे, ती हवा घ्यायला वर येते तेव्हा पाण्यावर जो गोल उठतो तो बघा. सोनारचा उपयोग एवढाच की गवताच्या पट्ट्यात आत शिरलेली मोकळी जागा कुठे आहे ते दिसतं. आणि पावसाळ्यात लाल पिल्लांचा गोळा घेऊन फिरणारी मरळ दिसली तर कृपा करून तिला हात लावू नका, राखण करणारी मरळ गेली की ती पिल्लं बाकीचे मासे एका दिवसात संपवतात.

ट्रान्सड्यूसर कुठे आणि कसा बसवू?

होडीच्या तळाच्या खाली, दोन्ही बाजूंना काहीही आडवं न येता, एकदम आडव्या पातळीत. पातळी सुटली की एक बाजू पाण्याकडे बघते आणि दुसरी चिखलाकडे. आणि बुडबुड्यांपासून लांब, हे सगळ्यात महत्त्वाचं.

माझं पहिलं वर्ष ह्याच्यातच गेलं. ज्या दुकानातून घेतला तिथल्या माणसाने सांगितलं मागे लावा, मोटरच्या शेजारी, सगळे तिथेच लावतात. लावला. उजवी बाजू नेहमी पांढऱ्या धुक्यात. दुकानात दोनदा घेऊन गेलो, त्यांनी बादलीत बुडवून दाखवला, साहेब चालतोय की. यंत्र चालतच होतं, पण मोटरचा पंखा जे हवेचे बुडबुडे उडवत होता ते उजव्या बाजूच्या आवाजाला भिंतीसारखे आडवे येत होते. शेवटी मी ॲल्युमिनियमच्या पाइपवर क्लॅम्प मारून तो होडीच्या मध्यावर, बाहेरून, तळाच्या चार बोटं खाली लावला आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला नदीचा तळ नीट दिसला, वाळूवरच्या लाटांच्या रेघासुद्धा. पाइपला वरून एक बिजागरी ठेवा म्हणजे खडक आला की तो मागे झुकेल, नाहीतर आपल्या नद्यांचे कातळ ट्रान्सड्यूसर एका झटक्यात तोडतात.

बॅटरी?

माझा सात इंची सेट साधारण एक अँपिअर खातो. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची यूपीएसमधली बॅटरी तीन-चार तास नीट देते, वजनाला जड. लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली तर हलकी आणि जास्त वेळ चालते, लोकलने नेणाऱ्याला तीच बरी. मोटर आणि सोनारला वेगवेगळी बॅटरी ठेवा, एकत्र जोडली की स्क्रीनवर मोटरच्या आवाजाच्या रेघा उठतात.

पावसाळ्यात वापरता येतो का?

जून ते सप्टेंबर मी नदीत होडी घालत नाही आणि तुम्हीही घालू नका. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, हजारभर माणसं होती आत, ती नदी एरवी आपण गुडघ्याएवढ्या पाण्यात चालत ओलांडतो. पूर सांगून येत नाही. शिवाय गढूळ पाण्यात गाळाचे कण आणि बुडबुडे आवाज खातात, चित्रही धड येत नाही.

आणि तिसरं म्हणजे हे मासे अंडी घालायला वर चढत असतात. चढणीचे मासे धरायची आपल्याकडे जुनी रीत आहे, गावातली माणसं पोटापुरते धरतात त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही, पण आपण मुंबईहून यंत्र घेऊन जाऊन पोटात गाभोळी असलेले मासे शोधून काढायचे हे मला पटत नाही.

पाऊस संपला की मात्र पहिलं काम, सगळी नदी परत स्कॅन करा. पूर डोह बुजवतो, नवे पाडतो, झाडं आणून टाकतो. मागच्या वर्षीचे वेपॉइंट, म्हणजे सेटमध्ये साठवलेल्या जागांच्या खुणा, निम्मे तरी चुकतात.

खाडीत कसा वापरायचा? भरती-ओहोटीचं काय?

खाडी ही शिकायला सगळ्यात चांगली शाळा आहे. कसं ते सांगतो. उधाणाच्या दिवसात मुंबईच्या किनाऱ्याला भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरपर्यंत फरक पडतो. म्हणजे सुकती (ओहोटी) पूर्ण लागली की तुम्हाला खाडीचा तळ डोळ्यांनी बघता येतो. एखाद्या पुलाजवळ किंवा जेट्टीजवळ उभं राहून मोबाइलवर फोटो काढा, खड्डा कुठे, जुना खांब कुठे, चिखलाचा उतार कसा, कालव लागलेले दगड कुठले. मग भरतीला तिथूनच होडी न्या आणि स्क्रीनवर तेच बघा. दगड पांढरा आणि सावली धारदार, चिखल काळपट कारण मऊ चिखल आवाज गिळतो, वाळू मधली करडी. दोन भरत्या असं केलंत तर सहा महिन्यांचा अभ्यास होतो.

जिताडा अशाच जागी असतो, पुलाच्या खांबामागे, खारफुटीतून छोटं पाणी खाडीत उतरतं त्या तोंडाशी. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असलेल्या, दिवसात ओढ कमी असते, होडी सरळ चालवायला तेच दिवस निवडा. आणि वसईच्या खाडीत, खाली उल्हासमध्ये, रेती उपसल्याचे खड्डे आहेत, अचानक पट्टा रुंद होतो आणि परत अरुंद. त्या खड्ड्यांच्या काठाला मासे लागतात पण पाण्याला ओढही विचित्र असते, जॅकेट घातल्याशिवाय जाऊ नये.

जलपर्णी आणि प्लास्टिकचं काय करायचं?

जलपर्णीच्या खालचं दिसत नाही, विषय संपला. कल्याणच्या बाजूला उल्हासवर उन्हाळ्यात काठापासून काठापर्यंत हिरवा गालिचा असतो, तिथे होडीच जात नाही.

प्लास्टिकची पिशवी फार फसवते. आत हवा अडकलेली असली तर ती माशासारखीच चमकते आणि पाण्यात अधांतरी असली तर सावलीला फटही येते. ओळखायची खूण, परत एकदा त्याच जागेवरून जा. पिशवी तिथेच असते किंवा धारेबरोबर खाली गेलेली असते. मासा बाजूला किंवा धारेच्या वर सरकलेला असतो.

विसर्जनाच्या घाटांजवळ तळाला मूर्ती दिसतात. एकदा डाव्या बाजूला सहा मीटरवर एवढी स्पष्ट सावली पडली की सोंड आणि मुकुट दोन्ही ओळखू आले, आजूबाजूला आणखी सात-आठ. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या होत्या, विरघळलेल्या नव्हत्या. तिथे मोटर बंद केली, गळ टाकला नाही. त्या वर्षीपासून आमच्या घरी शाडूचा गणपती येतो आणि घरीच बादलीत विसर्जन होतं.

मासा दिसला, मग पुढे काय?

लगेच वळू नका. कर्सर त्या शितांवर न्या आणि वेपॉइंट मारा, सेट होडीची जागा नाही तर त्या ठिकाणाची जागा साठवतो. मग सरळ चाळीस-पन्नास मीटर पुढे जा, मोठा वळसा घ्या, धारेच्या खालून या, नांगर हळू सोडा आणि पंधरा-वीस मीटरवरून आमिष टाका. दहा मिनिटं काहीही करू नका. मासे होडी गेल्यावर परत आपल्या जागेवर येतात, जागा चांगली असेल तर नक्की येतात. म्हणूनच मी माशापेक्षा जागेचा वेपॉइंट जास्त जपतो, पडलेलं झाड, कातळाची कपार, डोहाचा वरचा ओठ. आजचा मासा उद्या नसेल, जागा राहील निदान पुढच्या पुरापर्यंत.

काठावरून फेकायचा सोनार मिळतो, त्यात साइड इमेजिंग होईल का?

तो बॉल खाली बघतो. बाजूचं चित्र बनायला यंत्र एका रेषेत सरकायला लागतं. काठावरून मासेमारी करणाऱ्यांनी ओळखीच्या होडीवाल्याबरोबर एक दिवस नदी स्कॅन करून घ्यावी आणि पुढचे सहा महिने ती माहिती वापरावी.

कुठेही होडी टाकून स्कॅन करू शकतो का? परवानगी लागते?

कुठेही नाही. तानसा, मोडक सागर, भातसा ही मुंबईच्या पिण्याच्या पाण्याची धरणं आहेत, तानसा तर अभयारण्यात आहे, तिथे जाऊच नका. ठाणे खाडीत फ्लेमिंगोचं अभयारण्य आहे, तेही सोडा. बाकी बऱ्याच तलावांत आणि जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असतो, त्यांना विचारून, पावती घेऊन जायचं. नदीवर गावातल्या माणसांना विचारायचं. विचारलंत तर चहा मिळतो, डोह कुठे आहे तेही फुकट कळतं.

हे चीटिंग नाही का? माशाला संधी कुठे राहते?

हा प्रश्न माझ्या वडिलांनी मला पहिल्या दिवशी विचारला होता. ते आयुष्यभर बांबूच्या काठीने मासे पकडायचे. मी मनापासून सांगतो, मासा दिसणं आणि मासा लागणं ह्यात फार अंतर आहे, दहा वेळा शितं दिसतात तेव्हा एक-दोनदा गळ वाकतो. पण प्रश्न खरा आहे. शोधणं सोपं झालं की धरण्यावर आपण स्वतःच बंधन घालायला लागतं. मी दिवसाला एक मासा घरी नेतो, बाकीचे सोडतो, पोटुशी मादी असेल तर तीच आधी सोडते आमची टोळी. वेपॉइंट ग्रुपवर टाकत नाही, कारण एकदा टाकला होता आणि पुढच्या रविवारी त्या डोहावर अकरा माणसं होती, महिन्याभरात डोह रिकामा.

खरी वाट लावतात ती जिलेटिनवाली, करंटवाली आणि विष टाकणारी माणसं. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी नदीवर तो धप्प आवाज अजून ऐकू येतो. स्क्रीनवर त्याची खूणही दिसते, चांगला डोह, चांगली झाडं, आणि एकही शीत नाही. असं दिसलं तर जागा आणि वेळ लिहून ठेवा आणि पोलिसांना कळवा.

मी आज सेट आणला. पहिल्या रविवारी काय करू?

गळ घरी ठेवा. खरंच. फक्त सेट, होडी, जॅकेट आणि पाणी. मोकळा, ओळखीचा नदीचा तुकडा घ्या, रेंज १५ मीटर, वरची फ्रिक्वेन्सी, ऑटो बंद. एक रिकामी पाच लिटरची बाटली अर्धी वाळूने आणि उरलेली पाण्याने भरून दोरीला बांधा आणि तळाला सोडा, दुसरी हवाबंद करून चांगल्या जड दगडाला दोन हात दोरीने बांधून पाण्यात अधांतरी ठेवा. मग आठ-दहा मीटर अंतरावरून सरळ जा आणि दोघींच्या सावल्या बघा, एकीची चिकटलेली आणि एकीची सुटलेली. पाच वेळा जा, प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट काढा. निघताना दोन्ही बाटल्या वर काढायला विसरू नका.